गवताच्या उंचीने ठरणारा प्रवास : चितवनमधील वन्यजीव सफारीच्या नियोजनाचा आढावा

वन्यजीव सफारीचे नियोजन म्हटले की प्रवासाच्या तारखा, मुक्कामाचे आरक्षण आणि दिसू शकणाऱ्या प्राण्यांची यादी एवढ्यावरच बहुधा चर्चा थांबते. जंगल कोणत्या प्रकारचे आहे, ते कोणत्या महिन्यात कसे बदलते आणि त्याच्या काठावर कोण राहते, हे प्रश्न सहसा मागाहून सुचतात. नेपाळच्या दक्षिण भागातील चितवन राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. हे उद्यान उपोष्ण पट्ट्यात, म्हणजे कर्कवृत्ताच्या उत्तरेला, कडक उन्हाळा, जोरदार पावसाळा आणि बोचरा हिवाळा हे तिन्ही ऋतू ठळकपणे जाणवणाऱ्या प्रदेशात मोडते, आणि नद्यांच्या काठची उंच गवताळ राने हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. काय दिसेल, कोणत्या साधनाने फिरता येईल आणि फिरणे कितपत सुरक्षित असेल, या तिन्ही गोष्टी त्या गवताच्या उंचीवर अवलंबून असतात. म्हणून सफारीचा विचार प्राण्यांच्या यादीपासून सुरू न करता अधिवासापासून सुरू करावा आणि तो उद्यानाच्या काठावरील माणसांपर्यंत न्यावा, तरच नियोजन पूर्ण झाले असे म्हणता येते. या भूमिकेतून पुढील आढावा घेतला आहे.

भूमी आणि तिचा इतिहास

हिमालयाच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम पसरलेल्या सखल प्रदेशाला तराई म्हणतात. उत्तरेकडील महाभारत पर्वतरांग आणि दक्षिणेकडील चुरिया टेकड्या, ज्यांना भारतात शिवालिक म्हणून ओळखतात, यांच्यामध्ये सापडलेल्या लांबट खोऱ्यांना आतली तराई असे नाव आहे. चितवन हे अशाच एका खोऱ्यात वसले असून राप्ती, रेऊ आणि नारायणी या नद्या त्याच्या सीमा आखतात. यांपैकी नारायणी भारतात गंडक या नावाने शिरते. उद्यानाचे क्षेत्र सुमारे ९५० चौरस किलोमीटर असून त्याचा बहुतांश भाग सालवृक्षांच्या वनाने व्यापलेला आहे. साल हा पाण्याचा निचरा होणाऱ्या उंचवट्यावर वाढतो, तर नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर सावर, खैर, शिसम अशा वृक्षांची राई आणि कांस व तत्सम जातींचे गवत माजते. दर पावसाळ्यात नद्या आपली पात्रे बदलतात, जुने काठ खचतात, नव्या वाळूच्या पुळणी तयार होतात आणि त्यांवर पुन्हा पहिल्यापासून गवत उगवते. त्यामुळे येथील गवताळ राने नद्यांनी सतत मोडून सतत नव्याने घडवलेली आहेत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे खोरे नेपाळच्या तत्कालीन सत्ताधारी राणा घराण्याच्या शिकारीसाठी राखलेले होते. १९११ च्या अखेरीस ब्रिटिश सम्राट पाचवा जॉर्ज याच्यासाठी नेपाळच्या तराईत भरवलेल्या शिकारीत थोड्याच दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले, यावरून त्या काळातील वन्यजीवांची विपुलता आणि त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी या दोन्हींची कल्पना येते. मलेरियामुळे बाहेरचा माणूस येथे टिकत नसे; पिढ्यान्‌पिढ्या राहून या रोगाला बऱ्याच अंशी तोंड देऊ शकणारे थारू आणि नदीवर जगणारे बोटे व माझी हेच येथील मुख्य रहिवासी होते. १९५० च्या दशकात डीडीटीची फवारणी होऊन मलेरिया आटोक्यात आला, डोंगराळ भागातील कुटुंबे मोठ्या संख्येने खोऱ्यात उतरली आणि पाहता पाहता जंगलाची शेते झाली. सुमारे ८०० असल्याचे मानले जाणारे गेंडे १९६० च्या दशकाच्या अखेरीस १०० च्या आसपास उरले. १९७३ मध्ये नेपाळचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून चितवनची स्थापना झाली, त्यानंतर थोड्याच काळात संरक्षणाची जबाबदारी नेपाळी सैन्याकडे आली आणि १९८४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

संरक्षणाची वाट तरीही सरळ नव्हती. चितवनमधील गेंड्यांची संख्या २००० साली ५४४ पर्यंत गेली होती. माओवादी बंडखोरांशी चाललेल्या सशस्त्र संघर्षाच्या वर्षांत सैन्याच्या चौक्या कमी झाल्या, चोरटी शिकार वाढली आणि २००५ च्या गणनेत गेंड्यांची संख्या ३७२ वर घसरली. शांतता प्रस्थापित झाल्यावर ती पुन्हा सावरली आणि २०२१ च्या गणनेत नेपाळमधील एकूण ७५२ गेंड्यांपैकी ६९४ चितवनमध्ये आढळले. २०२२ च्या व्याघ्रगणनेत देशातील ३५५ वाघांपैकी १२८ येथे नोंदले गेले. सफारीला जाणाऱ्या व्यक्तीला आज जे सहज दिसते ते अशा चढउतारांतून राखले गेलेले आहे, ही जाणीव नियोजनाच्या मुळाशी असली पाहिजे.

ऋतूची निवड

चितवनला कधी जावे, या प्रश्नाला ‘ऑक्टोबर ते मार्च’ असे ठरावीक उत्तर दिले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण या सहा महिन्यांत जंगल किमान तीन रूपे घेते. पावसाळा सप्टेंबरअखेर ओसरतो तेव्हा गवत दोन माणसांहून उंच, काही ठिकाणी तर सहा-सात मीटरपर्यंत वाढलेले असते आणि त्याआड उभा असलेला पूर्ण वाढीचा गेंडाही चार पावलांवरून दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश निरभ्र असते, उत्तरेला हिमशिखरे दिसतात, हवा सुखद असते. मात्र प्राणी पाहण्याच्या दृष्टीने हा काळ समजतो तितका अनुकूल नसतो.

डिसेंबर आणि जानेवारीत सकाळी दाट धुके पडते व ते उशिरापर्यंत उठत नाही, म्हणून पहाटेच्या जीपफेरीचा बराचसा वेळ वाया जाऊ शकतो. याच दिवसांत नदीवरची सफारी मात्र सर्वाधिक फलदायी ठरते. पाणी गार असल्याने ऊन वर येताच मगरी आणि लांब, चिंचोळ्या जबड्याच्या सुसरी वाळूवर येऊन पडतात आणि उत्तरेकडून आलेले चक्रवाक व इतर बदके पात्रात उतरलेली असतात. हिवाळ्यातच ठरावीक थोड्या दिवसांसाठी काठावरच्या गावकऱ्यांना उद्यानात शिरून छपरासाठी लागणारे गवत कापून नेण्याची मुभा दिली जाते. या गवताला तेथे खर म्हणतात. कापणीनंतर उरलेले बुडखे जाळले जातात आणि काही आठवड्यांत राखेतून कोवळे अंकुर फुटतात. चितळ, पाढा हरिण आणि गेंडे या हिरव्या चाऱ्यासाठी उघड्यावर येतात, त्यांच्यामागे वाघ येतो आणि दृष्टीला अडथळा करणारे गवतही नसते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ सर्वोत्तम मानला जातो, तो यामुळेच.

गवत जाळण्याच्या प्रथेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आग नसेल तर गवताळ रानाचे हळूहळू झुडपात आणि वनात रूपांतर होते, हे खरे. तथापि एकाच वेळी मोठ्या क्षेत्रावर लावलेल्या आगीत जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि लहान सस्तन प्राणी यांचा आसरा नाहीसा होतो. तुकड्यातुकड्यांनी आणि वेळा बदलून जाळणे हा त्यावर सुचवला जाणारा मध्यम मार्ग आहे. पर्यटकाच्या दृष्टीने सोयीचा असलेला मोकळा देखावा हा जंगलाच्या दृष्टीने नेहमीच लाभाचा नसतो, एवढे यातून ध्यानात घ्यावे.

एप्रिल-मेमध्ये उष्मा वाढतो, पण पक्षिनिरीक्षकांसाठी हा काळ मोलाचा आहे, कारण नवरंगासारखे उन्हाळी पाहुणे विणीसाठी येतात. चितवनमध्ये पक्ष्यांच्या पाचशेहून अधिक जातींची नोंद आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत वर्षभराच्या पावसाचा बहुतांश भाग कोसळतो, मार्ग चिखलात रुततात, जळवा वाढतात आणि बहुतेक जीपमार्ग वापरण्याजोगे राहत नाहीत. ऑगस्ट २०१७ च्या पुरात येथील काही गेंडे वाहत सीमेपलीकडे भारतात गेले आणि त्यांना परत आणावे लागले. पावसाळ्यातील सफारीचा बेत आखताना नद्यांचे हे सामर्थ्य गृहीत धरावे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी एक फरक विशेष लक्षात घ्यावा. ताडोबाच्या साग-बांबूच्या कोरड्या वनात उन्हाळा चढला की पाणवठे मोजकेच उरतात, प्राणी त्यांच्याभोवती गोळा होतात आणि म्हणून एप्रिल-मेमध्ये वाघ दिसण्याची शक्यता वाढते. चितवनमध्ये तीन नद्या आणि अनेक ताल, म्हणजे नद्यांच्या जुन्या वळणांतून उरलेली तळी, बारमाही पाणी पुरवतात. प्राण्यांना एका जागी येण्याची निकड नसते. त्यामुळे वाघांची संख्या चांगली असूनही येथे वाघ दिसणे हा योगायोगाचा भाग राहतो, तर गेंडा पाहण्याची शक्यता पुष्कळ असते. ताडोबाचा हिशेब चितवनला लावल्यास पदरी निराशा येते.

प्रवेशाची दिशा आणि मुक्काम

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. मात्र ओळखपत्र म्हणून पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ असावे, केवळ आधारकार्डावर विसंबू नये. विमानाने काठमांडूला उतरून तेथून भरतपूरला छोट्या विमानाने किंवा रस्त्याने जाता येते. डोंगरी रस्ता वळणावळणाचा असल्याने त्यासाठी जवळजवळ पूर्ण दिवस धरावा. मुंबईहून रेल्वेने गोरखपूर गाठून सुनौली सीमेवरून जाण्याचा मार्ग अधिक वेळखाऊ असला तरी त्यावर लुंबिनीलाही जाता येते. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा विनिमय दर १९९३ पासून स्थिर असल्याने खर्चाचा अंदाज बांधणे सोपे जाते. प्रवेशशुल्क नेपाळी, सार्क देशांतील आणि अन्य परदेशी नागरिकांसाठी वेगवेगळे असते, तसेच परवाना त्या त्या दिवसापुरता असतो. म्हणून दोन दिवस उद्यानात जायचे असल्यास दोन परवान्यांचा खर्च धरावा आणि चालू दर निघण्यापूर्वी तपासावेत.

उद्यानाच्या आतील हॉटेलांचे परवाने २०१२ मध्ये संपले व पुढे वाढवले गेले नाहीत, त्यामुळे आता सर्व मुक्काम काठावरच होतो. राप्तीच्या उत्तर तीरावरील सौराहा हे सर्वांत गजबजलेले ठिकाण असून तेथे सर्व प्रकारच्या दरांची हॉटेले, वाटाडे आणि वाहने मिळतात. पश्चिमेकडील मेघौली व बरौली ही गावे तुलनेने शांत आहेत. कसरा येथे उद्यानाचे मुख्यालय आणि १९७८ मध्ये सुरू झालेले सुसर प्रजनन केंद्र आहे. नदीकाठच्या वाळूतून गोळा केलेली अंडी तेथे उबवली जातात आणि पिल्ले काही वर्षे वाढवून नदीत सोडली जातात. गंडक नदीवर सीमेजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामुळे पुरात खाली वाहून गेलेल्या सुसरींना परत वर येता येत नाही, ही या प्रयत्नांसमोरची जुनी अडचण आहे, आणि जंगलाचे प्रश्न त्याच्या सीमेत मावत नाहीत याचे ते उत्तम उदाहरण आहे.

मुक्कामाच्या कालावधीविषयी सांगायचे तर ‘दोन रात्री, तीन दिवस’ हा प्रचलित साचा घाईचा आहे, कारण त्यातील पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासात जातो आणि एकाच दिवसात जीप, नाव, थारू नृत्य आणि हत्तीकेंद्र असे सर्व काही कोंबले जाते. किमान तीन रात्री राहून रोज एकच साधन निवडल्यास पाहण्याला सलगता येते आणि धुक्याने किंवा पावसाने एखादी फेरी वाया गेली तरी भरपाईला वाव राहतो.

कोणत्या साधनाने पाहावे

जीप हे सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे. सौराहा येथे नदी नावेने ओलांडून पलीकडच्या जीपमध्ये बसावे लागते. अर्ध्या दिवसाच्या फेरीत नदीजवळच्या मार्गांवरच फिरणे होते आणि तेथेच वाहनांची दाटी असते; पूर्ण दिवसाच्या फेरीत सालवनातून आत जाता येते. जीपचा लाभ असा की कमी वेळात निरनिराळे अधिवास पाहता येतात, वयस्क व्यक्तींना आणि लहान मुलांना ती सुरक्षित असते. तिचा तोटा म्हणजे इंजिनाच्या आवाजात जंगलाचा आवाज बुडतो, आणि चितळाची शीळ किंवा भेकराचे भुंकणे हे वाघाच्या हालचालीचे इशारे ऐकू येत नाहीत.

सावरीच्या एका खोडातून कोरलेली अरुंद नाव प्रवाहाबरोबर जवळजवळ निःशब्दपणे सरकते. तीत उभे न राहणे आणि हात पाण्याबाहेर ठेवणे हे साधे नियम पाळले तर मगर, सुसर, खंड्या, पाणकोंबड्या आणि काठावर पाणी पिणारे प्राणी फार जवळून पाहता येतात.

पायी सफारी ही चितवनची खरी ओळख आहे, कारण भारतातील बहुतेक व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना पायी फिरता येत नाही. येथे गटासोबत किमान दोन परवानाधारक वाटाडे असणे बंधनकारक असून त्यांतील एक पुढे व एक मागे चालतो. दोघांच्या हाती लाठीशिवाय काहीही नसते. गेंड्याची दृष्टी मंद असली तरी घ्राणेंद्रिय आणि श्रवणशक्ती तीक्ष्ण असते, म्हणून अनुभवी वाटाड्या आधी वाऱ्याची दिशा पाहतो आणि मग वाट ठरवतो. गेंडा धावून आल्यास झाडावर चढावे किंवा मोठ्या खोडाआड जावे, ते शक्य नसल्यास नागमोडी पळावे. अस्वल समोर आल्यास सर्वांनी एकत्र उभे राहून लाठ्या आपटाव्यात. वाघाकडे मात्र पाठ न फिरवता हळूहळू मागे सरकावे. या सूचना प्रत्येक फेरीपूर्वी दिल्या जातात आणि त्या औपचारिक नाहीत. आशियाई एकशिंगी गेंडा शिंगापेक्षा खालच्या जबड्यातील धारदार पटाशीच्या दातांनी वार करतो आणि अशा वारांत वाटाड्यांनी प्राण गमावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. लहान मुले, वेगाने हालचाल करू न शकणाऱ्या व्यक्ती आणि शांत राहण्याची तयारी नसलेले गट यांनी पायी सफारी टाळावी. कपडे मातकट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, अत्तर लावू नये, आणि उंच गवताच्या महिन्यांत वाटाड्याने नकार दिल्यास आग्रह धरू नये.

पायी चालताना जे हाती लागते ते जीपमधून मिळत नाही. गेंडे ठरावीक जागी येऊन विष्ठा टाकतात आणि तिचे मोठे ढीग साचतात. पावसाळ्यात पिकून पडणारी भेल्लर नावाच्या वृक्षाची कठीण फळे गेंडे आवडीने खातात, त्यांतील बिया त्यांच्या पोटातून अखंड बाहेर पडतात आणि गवताळ रानातील या ढिगांवर, भरपूर खत व ऊन मिळाल्याने, भेल्लरची रोपे तरारून येतात. अशा एका ढिगाजवळ थांबून त्यातील कोवळी रोपे वाटाड्याने दाखवली की गेंडा हा केवळ गवत खाणारा प्राणी नसून वनाची लागवड करणाराही आहे, हे समजते. चांगल्या वाटाड्याची पारख करायची ती तो असे काय दाखवतो आणि कसे समजावतो यावरून.

हत्तीवरून सफारी हा सर्वाधिक वादाचा विषय आहे. पूर्वी उंच गवतात शिरण्याचे तेच एक विश्वासार्ह साधन होते, आजही गस्त आणि गेंड्यांची गणना यांसाठी हत्ती वापरले जातात, आणि अनेक माहुतांच्या कुटुंबांचा चरितार्थ त्यांच्यावर चालतो. दुसऱ्या बाजूने, हत्तीला माणसाळवण्याची पद्धत वेदनादायक असते, त्याला बराच काळ साखळदंडाने बांधून ठेवले जाते, आणि पाठीवर अनेक माणसे घेऊन दिवसातून अनेक फेऱ्या मारल्याने त्याच्या पाठीला व पायांना इजा होते, असे आक्षेप आहेत आणि त्यांना पशुवैद्यकीय आधार आहे. दोन्ही बाजू तोलून पाहता, करमणुकीसाठी हत्तीवर बसण्याचे समर्थन आता करता येत नाही. जीप, नाव आणि पाय ही साधने उपलब्ध असताना त्याची गरजही उरलेली नाही. हत्ती पाहायचेच असतील तर त्यांना साखळीविना ठेवणाऱ्या आणि पाठीवर न बसवणाऱ्या ठिकाणांची निवड करावी, कारण माहुतांना पर्यायी उत्पन्न मिळाले तरच हा बदल टिकेल.

काठावरची माणसे

उद्यान निर्माण होताना आणि त्यानंतरही अनेक कुटुंबांना आपली गावे सोडावी लागली, तसेच बोटे व माझी समाजाच्या मासेमारीवर निर्बंध आले. ही किंमत बहुतांशी ज्यांच्याकडे सर्वांत कमी होते त्यांनी मोजली. १९९६ मध्ये उद्यानाभोवती बफर क्षेत्र, म्हणजे वन आणि शेती यांच्यामधला सामायिक वापराचा पट्टा, जाहीर करण्यात आला आणि नेपाळच्या कायद्यानुसार उद्यानाच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के भाग तेथील समित्यांमार्फत गावांसाठी खर्च करण्याची तरतूद झाली. सौराहाजवळील बाघमारा या सामुदायिक वनात उजाड जमिनीवर गावकऱ्यांनी झाडे वाढवली आणि आज तेथे गेंडे वावरतात. या व्यवस्थेमुळे प्रवेशशुल्कातील प्रत्येक रुपयाचा काही भाग गावाकडे जातो. तरीही हॉटेलांतून होणारी कमाई मोजक्या ठिकाणी एकवटते आणि दूरच्या गावांच्या वाट्याला पिकांची नासाडी, जनावरांवरचे हल्ले आणि प्रसंगी माणसांचे मृत्यू येतात. वाघ व गेंड्यांची संख्या वाढते तसा हा ताणही वाढतो.

पर्यटकाच्या निवडीला येथे अर्थ प्राप्त होतो. नवलपरासी भागातील अमलटारी येथे थारू व बोटे कुटुंबांनी चालवलेली घरगुती निवासव्यवस्था आहे. बरौलीतही तशी सोय आहे. अशा ठिकाणी दिलेला पैसा थेट घरात जातो, आणि पाहुण्याला घोंगी, म्हणजे शिजवलेल्या गोगलगाई, किंवा तांदळाच्या पिठाची ढिकरी हे थारू जेवणही मिळते. पिठौली येथे गावकऱ्यांनी चालवलेले गिधाडांचे खाद्यकेंद्रही पाहण्यासारखे आहे. डायक्लोफिनॅक हे जनावरांना दिले जाणारे वेदनाशामक गिधाडांना मारक ठरल्याचे सिद्ध झाल्यावर नेपाळने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, आणि त्याच सुमारास येथे म्हाताऱ्या गायी सांभाळून त्यांच्या नैसर्गिक मृत्यूनंतर औषधमुक्त मांस गिधाडांना उपलब्ध करून देण्याची व्यवस्था उभी राहिली.

निष्कर्ष

या सर्व विवेचनातून नियोजनाचा एक क्रम हाती येतो. प्रथम गवताची स्थिती पाहून महिना ठरवावा. त्या महिन्याला साजेसे साधन निवडावे. साधनानुसार काठावरील गाव आणि वाटाडे पक्के करावेत. आणि तारखा, तिकिटे, अपेक्षित प्राणी यांचा विचार त्यानंतर करावा. गेंडा, सुसर आणि पक्षी यांच्यासाठी जावे, वाघ दिसल्यास तो लाभ मानावा.

यापलीकडे काही प्रश्न एकट्या पर्यटकाच्या हातचे नाहीत. मिकानिया ही झपाट्याने पसरणारी परदेशी वेल गेंड्यांच्या चाऱ्याची राने झाकून टाकत आहे, गवताळ क्षेत्र आक्रसत आहे, आणि सौराहाच्या बाजूच्या मोजक्या मार्गांवर वाहनांची संख्या वाढत आहे. वाहनांना मर्यादा घालणे, फेऱ्या पश्चिमेकडील प्रवेशद्वारांकडे वळवणे आणि वाटाड्यांच्या विम्याची व प्रशिक्षणाची तरतूद करणे, ही धोरणकर्त्यांची कामे आहेत. परंतु गजबजलेल्या मोसमातील गजबजलेले ठिकाण सोडून वेगळे गाव निवडणारा, वाटाड्याला योग्य मोबदला देणारा आणि हत्तीवरची फेरी नाकारणारा प्रत्येक पाहुणा त्या धोरणाची मागणी बळकट करतो. दोन पिढ्यांपूर्वी शंभराच्या आसपास उरलेले गेंडे आज सातशेच्या घरात पोचले, ते सैनिक, वनकर्मचारी आणि नुकसान सोसूनही जंगलाला जागा देणारे गावकरी यांच्यामुळे. सफारीचा बेत आखताना या लोकांचा वाटा आधी मांडावा आणि स्वतःच्या आनंदाचा हिशेब त्यानंतर करावा.